शेवटच्या घराचं माप

लालसिंग आडेचा मला वीस वर्षांपासून राग आहे, आणि कारण एकच, की हा माणूस सरळ आहे. वाकड्या माणसाशी निभावता येतं. त्याच्याशी दोन गोड शब्द बोलता येतात, सणाला वाटीभर काही पाठवता येतं, फारच झालं तर त्याच्या बायकोच्या कानावर घालता येतं. सरळ माणसाचं काय करायचं? तो नमस्कार घालतो, हसतो, आपण दिलेला चहा पितो आणि आपलं काम काही करत नाही.

मी इंदू. मोहझरीची अंगणवाडी सेविका, म्हणजे गावातली निम्मी नाकं माझ्या हातानं पुसलेली आहेत. केळापूर तालुक्यात रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, आणि गावापासून किलोमीटरभर चढावर बंजाऱ्यांचा तांडा. टाकी एकच, ग्रामपंचायत एकच, आणि पाणी सोडणारा माणूसही एकच, तो लालसिंग. तो तांड्याचा. आडव्या मुठीची, कंबरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सकाळी सहाला उतरतो. गावाच्या पाच ओळी आणि सहावा तांडा, असे सहा वॉल्व्ह तो एकामागून एक उघडतो आणि बंद करतो. पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे गावात लग्न जमवायचं असलं तरी लोक आधी पाण्याचा दिवस बघतात आणि मग मुहूर्त.

लालसिंग घड्याळ लावत नाही. त्याचं माप वेगळं आहे. वॉल्व्ह उघडला की तो ओळीच्या अगदी शेवटच्या घरी चालत जातो, नळापाशी बसतो आणि त्या घराचे सात गुंड भरले की उठतो. पाण्याच्या मोठ्या भांड्याला आमच्याकडे गुंड म्हणतात. शेवटच्या घराला सात मिळाले, म्हणजे आधीच्या सगळ्यांना मिळालेच, हा त्याचा हिशेब. ओळ चढावर असो, पाईप जुना असो, कोणी मोटार लावून पाणी ओढत असो, शेवटचं घर सगळं सांगतं. एकदा तालुक्याहून आलेले साहेब हे ऐकून जीपला टेकून उभेच राहिले होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं त्याचं काहीच केलं नाही.

आता गंमत अशी, की शाळेच्या ओळीत शेवटचं घर माझं आहे. म्हणजे दर दिवसाआड सकाळी हा सरळ माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतो. मी आल्याचा चहा करते. वीस वर्षांत मी त्याला किती चहा पाजला असेल ते विचारू नका. आणि तरीही ड्रम भरून घ्यायला पाच मिनिटं जास्त द्या म्हटलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं.

"बाई, तुमाले देल्लं तं साऱ्याले द्या लागते."

दर ग्रामसभेला नानाजी, म्हणजे आमचे सरपंच, सवयीनं विचारतात की पाण्याबद्दल कोणाची तक्रार आहे का. मग लालसिंग उभा राहतो. तक्रार नसली तरी उभा राहतो. चावी सतरंजीवर आडवी ठेवतो आणि म्हणतो, "शेवटच्या घराचे सात गुंड. एक वरता नाही, एक खालता नाही. फरक दिसला तं ही चावी इथीच ठेवतो अन् घरी जातो." लोक माना डोलावतात. मला ही चावी आडवी ठेवण्याची पद्धत पहिल्यापासून आवडत नव्हती. चांगल्या माणसानं इतकंही उभं राहू नये.

होळीच्या आधी माझी भाची समीक्षा राहायला आली. ती अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिच्या प्रकल्पाचा विषय होता माणसाचं शील. तिनं गावातल्या चाळीस जणांना दोन प्रश्न विचारले. पहिला, गावात सगळ्यात सरळ माणूस कोण? एकतीस जणांनी लालसिंगचं नाव घेतलं. दुसरा, तुम्ही स्वतः गावातल्या इतरांपेक्षा जास्त प्रामाणिक आहात का? त्याला सदतीस जण हो म्हणाले. समीक्षा हसून हसून बेजार झाली, कारण चाळीसातले सदतीस जण बाकीच्यांपेक्षा वरचढ कसे असतील? मीही हो म्हणाले होते. पण माझं खरं होतं.

मी तुरी निवडत बसले होते आणि ती मला शिकवत होती.

"मावशी, जुन्या विचारवंतांचं म्हणणं असं, की चांगुलपणा ही सवय असते. न्यायानं वागत वागत माणूस न्यायी होतो. रोज लाटून पोळ्या येतात ना, तसं."

"तुझ्या आईला नाही आल्या."

"ऐक तर. मग मानसशास्त्रवाले आले. ते म्हणाले, सवय बिवय ठीक आहे, आपण करून पाहू. परदेशात पुढं धर्मोपदेशक होणारी पोरं होती. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवला. ज्यांना सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झालाय, ते बहुतेक सगळे त्याच्या बाजूनं निघून गेले. आणि ताज्या खाण्याचा वास येत असला, तर लोक जास्त मदत करतात, असंही कोणी पाहून ठेवलंय."

"म्हणजे माणसाचं शील त्याच्या नाकात असतं?"

"काही जण तसंच म्हणतात. काही प्रयोग पुन्हा केले तर तसे निघाले नाहीत, म्हणून भांडण चालूच आहे. पण एवढं खरं, की माणूस चांगला आहे म्हणजे तो दर वेळी तसाच वागेल असं नाही. म्हणून मी लालसिंगकाकांच्या मागं फिरणार आहे."

मी म्हटलं फिर. मला वाटलं, बरं झालं. या माणसाचा सरळपणा एकदा कागदावर आला, की निदान माझ्या रागाला पुरावा तरी होईल.

पोरगी पाण्याच्या अकरा पाळ्या त्याच्या मागं चालली. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरी उभी राहायची आणि लिहायची, किती गुंड भरले, तो काय बोलला, कोणी काय दिलं. लालसिंग तर खुशच होता. दर घरी सांगायचा, "पोरगी माह्यावर पुस्तक लिहून राह्यली." तांड्यात तर त्यानं तिच्यासाठी खुर्ची काढून ठेवली होती.

बाराव्या पाळीच्या सकाळी तो माझ्या ओट्यावर बसला होता. चहाचा कप हातात, नळाखाली माझा गुंड. समीक्षा वही घेऊन आली. त्यानं आपण होऊन विचारलं.

"सांग पोरी, काय निंगालं माह्यं?"

समीक्षा जरा घुटमळली. पण तिच्यातही माझ्याच घराण्याचं रक्त आहे, विचारलं की सांगून टाकायचं. तिनं जास्तीकडून कमीकडे असा तक्ता लावला होता. पहिली ओळ वाचली.

"शाळेची ओळ. सरासरी साडेआठ गुंड."

लालसिंगनं कप खाली ठेवला.

"साडेआठ? इथी?"

"हो काका. म्हणजे चहा पिता पिता तुमची मोजणी सुटते. मावशी बोलते, तुम्ही उत्तर देता, आणि आठवा भरतो. कधी नववाही."

तो उठला. पुढचं काही ऐकायला थांबला नाही. नळाखालचा गुंड भरून वाहत होता आणि त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "हा कितवा होय, बाई?"

मला आकडा माहीत होता. तो आठवा होता. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

इथं मला एक सांगितलं पाहिजे, आणि ते सांगताना मला अजूनही लाज वाटते. मी मोजत नव्हते असं नाही. मी मोजत होते, बोलत नव्हते. आठवा गुंड नळाखाली ठेवताना मी नेहमी त्याच्या मुलीची, आधी शाळेची आणि पुढं सासरची, चौकशी करीत असे. चौकशी मनापासून असायची, मुलगी माझ्याच हाताखालून गेलेली. पण ती सहाव्या गुंडाला कधी केली नाही, सातव्याला केली नाही, नेमकी आठव्याला. वीस वर्षं मी गावभर सांगत फिरले की हा मला एक थेंब जास्त देत नाही, आणि वीस वर्षं मी दीड गुंड जास्त घेत होते. इतरांपेक्षा जास्त प्रामाणिक असलेल्या सदतीसांतली मी एक.

त्याच दुपारी लालसिंगनं ग्रामपंचायतीत नानाजींच्या टेबलावर चावी ठेवली. नानाजी म्हणाले, "अरे बाप्पा, दीड गुंडासाठी कोणी चावी ठेवते काय?" तर हा म्हणाला, "जबान देल्ली होती," आणि घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या वावरात पऱ्हाट्या उपटायला लागला. म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. भराभर उपटत होता म्हणे, जणू त्यांनीच तक्ता केला होता.

गाव हळहळलं आणि गावानं चावी अक्षयकडे दिली. अक्षय बाजार ओळीचा, ग्रामपंचायतीचा सदस्य, तिशीतला. मोबाईलवर गजर लावून काम करणारा. त्यानं जाहीर केलं की आता माणसाच्या भरवशाचं काम नाही. प्रत्येक ओळीला पंचवीस मिनिटं, गजर वाजला की बंद. याच्याइतका समान न्याय दुसरा कोणता? पहिल्या दिवशी लोकांना बरं वाटलं. बाजार ओळ टाकीच्या पायथ्याशी आहे. तिथं पंचवीस मिनिटांत गुंड, ड्रम, कूलर आणि एकाचा म्हशीचा हौदसुद्धा भरला. तांड्यावर पाणी चढायलाच अठरा मिनिटं लागतात. गजर वाजला तेव्हा तिथं शेवटच्या घरी दोन गुंड भरले होते, आणि दुसरा पुरता भरला नव्हता.

तिसऱ्या पाळीला तांड्याच्या बायका रिकामे गुंड घेऊन ग्रामपंचायतीपुढे येऊन बसल्या. अक्षयनं त्यांना मोबाईल दाखवला, पंचवीस म्हणजे पंचवीस. एका बाईनं विचारलं, याच्यात पाणी भरता येते काय. नानाजी स्वतः वावरात जाऊन लालसिंगची मनधरणी करून आले. तो पऱ्हाटी उपटता उपटता म्हणाला, "चावी सरळ माणसाच्या हातात पायजे, नानाजी. मी सरळ नाही, हे लिहेल आहे." हे म्हणतानाही त्याच्या आवाजात थोडी ऐट होती, असं नानाजींनी मला सांगितलं. तेवढं मलाही पटलं. सरळ नसल्याची कबुली इतक्या ताठ मानेनं दुसरं कोण देईल?

मला झोप लागेना असं काही मी म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण जेवताना तांब्या भरून घेतला की हिशेब सुरू व्हायचा. माझा ड्रम, माझ्या चौकशा, आणि त्या तिकडे तांड्यात पोरांच्या वाट्याचं पाणी. शेवटी मी समीक्षाला घेऊन तांड्यावर गेले.

लालसिंगचं घर तांड्यात शेवटचं आहे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. त्याची बायको बिजलीबाई दारातच होती. तिनं आम्हाला बसवलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. पेला अर्धाच होता. बिजलीबाईसारखी बाई पाहुण्याला अर्धा पेला देते, यावरून काय ते समजावं. मी तो प्यायले नाही, नुसता धरून बसले.

लालसिंग आत खाटेवर होता. बाहेर आला, समीक्षाला बघून जरा अवघडला. मी एका दमात बोलून टाकलं.

"लालसिंगभाऊ, तुमची मोजणी सुटत नव्हती. मी सोडवत होते. आठवा गुंड लावताना मी मुद्दाम तुमच्या मुलीची गोष्ट काढायची. दोष लिहायचा तर माझ्या नावावर लिहा."

तो म्हणाला, "बाई, गोष्ट तुमी काढली, पण चहा मी पेलो."

इथंही मोठेपणा त्यानंच घेतला. मला पुन्हा राग आला.

तेव्हा बिजलीबाई समीक्षाकडे वळली. तिला अक्षरं लावता येत नाहीत, पण ती ऐकते नीट.

"पोरी, तुह्या वहीत सारे सहा वॉल आहे नं? इथवर तं एकच आयकू आलं, मास्तरीणबाईचं. बाकीचं वाच."

(अंगणवाडीची असूनही तांड्यात मी मास्तरीण आहे. मीही कधी दुरुस्त केलेलं नाही.)

समीक्षानं वही उघडली. शाळेची ओळ साडेआठ. देवळाची ओळ साडेसात, तिथं बाजाराच्या दिवशी भजी तळतात. पुढच्या दोन ओळी सात. बाजार ओळ सात. मग ती थांबली. त्या दिवशी माझ्या ओट्यावर कोणीच इथवर पोचलं नव्हतं. सगळे तक्त्याच्या पहिल्या ओळीलाच अडले होते.

"तांडा. अकरा पाळ्या. प्रत्येक वेळी सहा."

"सहा," बिजलीबाई म्हणाली. "अकरा पाळ्या नाही. वीस वर्षं."

लालसिंग म्हणाला, "इथी पाणी जोरात येते. सहातच होऊन जाते साऱ्याचं."

"कोणाचं होऊन जाते?" हा आवाज शेजारच्या दारातून आला. जमनी म्हणून म्हातारी आहे, एकटी राहते. तिचा नळ लालसिंगच्या नळाच्या बरोबर आधी. "मी रोज म्हणतो का आता भरते, आता भरते, अन् तू उठून जाते."

समीक्षानं हळूच विचारलं, "काका, इथं चहा नसतो, भजी नसतात. इथं सहा का?"

उत्तर मग बिजलीबाईनंच सांगितलं, अगदी शांतपणे, जसं भाकरी कशी करतात ते सांगावं. लालसिंगला चावी मिळाली त्या पहिल्या वर्षी बाजार ओळीत कोणीतरी म्हणालं होतं, तांड्याचा माणूस आहे, तांड्याला जास्त देईल. म्हणणारा अक्षयचा बाप. त्या दिवशी हा घरी आला आणि सहाव्या गुंडाला उठून गेला. पुढच्या पाळीलाही. आपल्याच दारी, आपल्याच लोकांत, जास्त दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. एक गुंड कमी केला, म्हणजे बोलायला जागाच नाही. पुढं म्हणणारा मरून गेला आणि हा सहालाच उठत राहिला.

"मी काही बोलली नाही," बिजलीबाई म्हणाली. "मले वाटे, माह्या घरचं जाते तं जाऊ दे. पण वॉल बंद झाला का साऱ्या तांड्याचा बंद होते. नाव तुमचं झालं अन् पाणी जमनीचं गेलं."

लालसिंग ओसरीच्या कडेला बसला. साडेआठ ऐकल्यावर तो ताडकन उठला होता. सहा ऐकल्यावर तो बसला. त्याच्या तोंडाकडे बघवेना. माझा वीस वर्षांचा राग त्या क्षणी कुठं गेला ते मला कळलं नाही, मला त्याची फक्त दया आली. जास्त दिलेलं माणूस कबूल करतो, त्यात निदान मायाळूपणा तरी असतो. कमी दिलेलं, तेही आपल्याला, तेही लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग तो म्हणाला, "मंग तं चावी घेवाचीच नाही."

समीक्षा पुस्तकातलं सांगायला लागली. जुन्या विचारवंतांनी म्हटलंय, की आपला कल कुठल्या बाजूला आहे ते माणसानं ओळखावं आणि स्वतःला उलट्या बाजूला ओढावं. वाकडी काठी सरळ करायची तर तिला दुसऱ्या अंगाला वाकवतात, तसं. आणि नव्या लोकांनी म्हटलंय, की मोह टाळायचा तर मनाला बजावण्यापेक्षा मोहापासून लांब बसावं. म्हणून चहा सगळे वॉल्व्ह बंद झाल्यावर.

"अन् इथी?" बिजलीबाईनं विचारलं. "इथी कायपासून लांब बसाचं? स्वतःच्या नावापासून?"

समीक्षानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. तिच्या सरांनाही त्याचं उत्तर आलं नाही, असं तिनं नंतर फोनवर सांगितलं.

त्या दिवशी लालसिंग हो काही म्हणाला नाही. पण पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला तो चढावरून उतरताना दिसला. अक्षयनं चावी आनंदानं दिली. चार पाळ्यांत त्याला बायकांनी जे ऐकवलं होतं ते मोबाईलमध्ये बसण्यासारखं नव्हतं. माझ्या ओट्यावर लालसिंग बसला. मी चहा विचारला नाही, त्यानं मागितला नाही. आम्ही दोघं परक्यासारखे नळाकडे बघत होतो. सातवा भरला आणि तो उठला. माझा ड्रम निम्मा रिकामा राहिला. मला भयंकर राग आला, आणि राग यायला मला आता काहीच आधार नव्हता, म्हणून तो आणखी आला.

तांड्यात त्या दिवशी मला पोरांची वजनं घ्यायची होती. खरं सांगायचं तर वजनं दुसऱ्या दिवशी घेतली तरी चाललं असतं. मी गेले. अक्षयही गेला होता. मोटारसायकल उभी करून लालसिंगच्या दारासमोर थांबला होता. का आला म्हणून विचारलं तर म्हणाला, "सहज. पाहून राह्यलो, भाऊ कसा मोजते." खवचटपणे म्हणाला नाही. पण तो बाजार ओळीचा होता, आणि त्याच्या बापाचा मुलगा होता. लालसिंगनं त्याला बघितलं आणि नळापाशी बसला.

पाणी आलं. पहिला, दुसरा, तिसरा. बिजलीबाई भरलेला उचलून आत नेत होती आणि रिकामा लावत होती. तांड्याच्या दोनचार बायका आपापल्या दारातून बघत होत्या. सहावा भरत आला तशी लालसिंगची मान अक्षयकडे वळायला लागली. सहावा भरला. आणि तो उठला. ठरवून नाही. वीस वर्षं पाय जसे उठत होते तसे उठले. चावी खांद्यावर गेली, दोन पावलं टाकूनही झाली.

बिजलीबाईनं सातवा गुंड नळाखाली लावला, नेहमीसारखाच आवाज न करता, आणि बाजूला झाली. लालसिंग तिथंच उभा. त्याचं तोंड अक्षयकडे होतं, पाठ नळाकडे. कपाळावर घाम आला होता. पऱ्हाट्या उपटताना आला नसेल इतका. मग तो वळला आणि परत येऊन बसला. गुंड भरेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. भरल्यावर मोठ्यानं म्हणाला, "सात." आणि वॉल्व्हकडे गेला. एकट्या म्हातारीला गुंड बदलायला वेळ लागतो, म्हणून जमनीचा सातवा काठाला एक वीत कमी होता. तिनं त्याला अशा शिव्या दिल्या की मी पोरांच्या कानावर हात ठेवले.

अक्षय गाडी वळवून निघून गेला.

सगळे वॉल्व्ह बंद झाल्यावर लालसिंग चहाला माझ्याबरोबर गावापर्यंत उतरला. वाटेत मी त्याला विचारलं, जरा डिवचावं म्हणूनच. "लालसिंगभाऊ, अक्षय तिथं एक शब्द जरी बोलला असता, की 'झालं नं तांड्याचं?', तर बसले असते का तुम्ही परत?"

मला वाटलं, आता हा चावी आडवी धरून काहीतरी म्हणेल. तो चालत राहिला. ओढ्यावरचा पूल ओलांडल्यावर म्हणाला.

"मले नाही माहीत, बाई."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचार करत होता, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं या माणसावर आख्ख्या गावानं विश्वास ठेवला, मी मात्र कधी मनापासून ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला.